काउंटरवरच्यानं कात्री धरू नये

माझ्या सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आमच्या भागातलं थापांचं उत्पादन निम्म्यावर आलं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नशीबवान आहात. सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की बोलता आलं असतं तर त्या डॉक्टरांनी आयुष्यात पुन्हा कुणाला नशीबवान म्हटलं नसतं.

सासरे टेलरिंगच्या दुकानात काउंटरवर बसतात. शिवत नाहीत. तुटलेलं बटण लावायला सांगितलं तर चष्मा शोधायला म्हणून जातात ते थेट जेवायच्या वेळेला उगवतात. कापणं, शिवणं सगळं त्यांची थोरली बहीण करते. म्हणजे माझी आत्तेसासू. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणतो, आणि शक्यतो लांबून म्हणतो. मागच्या खोलीत आत्याबाई, दोन मशीन आणि एक इस्त्री. पुढच्या खोलीत सासरे, एक उभा आरसा आणि आपले कपडे तयार नाहीत हे ऐकायला आलेली गिऱ्हाइकं.

कारण कपडे तयार नसतातच. सांगितलेल्या तारखेला कपडा तयार ठेवणारा टेलर कुणी पाहिलाय? असलाच तर त्याच्याकडे काम नसेल. आमच्या दुकानाची खरी कमाल मागच्या खोलीत नव्हतीच, पुढच्या खोलीत होती. तणतणत आलेला माणूस हसत आणि रिकाम्या हातानं परत जायचा, आणि वर जाताना आणखी एका शर्टाचं माप देऊन जायचा. गिऱ्हाइकांनी सासऱ्यांचं नावच उद्यासाहेब ठेवलं होतं. दुकान काढणाऱ्या आजेसासऱ्यांचा एकच नियम होता: काउंटरवरच्यानं कात्री हातात धरायची नाही. सासऱ्यांनी हा नियम इतक्या भक्तिभावानं पाळला, की घरात भाजी चिरायची सुरीसुद्धा ते दुसऱ्याच्या हातात देतात.

तर असा माणूस गप्प झाला. हातवारे करून पाहिले, पाटीवर लिहून पाहिलं. पण थाप लिहून दिली की तो पुरावा होतो. सासरे दुकानात जायचे, भिंतीला टेकून बसायचे, घरी यायचे, जेवायचे, झोपायचे. माझा नवरा म्हणाला, “बाबा खचलेत.” मी म्हटलं, “खचले नाहीत, तुंबलेत.”

मी मोबाइलची अ‍ॅप बनवते. ऑफिसातलं माझं अ‍ॅप वापरून लोक घरबसल्या गाद्या मागवतात, त्यामुळे मानवजातीवर माझे फारसे उपकार आहेत असं नाही. म्हटलं, एकदा घरच्यांसाठी काही करून बघू. टाइप केलेलं वाक्य त्यांच्याच आवाजात बोलणारं अ‍ॅप करायचं. त्यांचा जुना आवाज कुठून आणायचा हा प्रश्न एका मिनिटात सुटला. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत ते मांडववाल्याशी भांडताना इतके सापडले, की नवरा-नवरी त्या व्हिडिओत पाहुणे वाटतात. त्या भांडणातून मी त्यांचा आवाज बनवला. फोनमध्ये एक खोका, त्यात टाइप करायचं. खाली दोन बटणं: ‘बोल’ आणि ‘थांब’.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासरे रडले. मग टाइप केलं: “मांडववाला चोरच होता.”

घरात सगळं झकास चाललं. कारण घरात त्यांना घाई नव्हती. दुकानात मात्र गाडी अडली. फोन जुना, वाक्याचा आवाज तयार करायला त्याला काही सेकंद लागायचे, आणि तेवढा वेळ स्क्रीन दगडासारखी गप्प. बोट लावा, टोचा, हाणा, ढिम्म हलायची नाही. कधी कधी वर पाटी यायची: ‘हे अ‍ॅप प्रतिसाद देत नाही. बंद करायचं की वाट बघायची?’ एका गिऱ्हाइकानं ती सासऱ्यांच्या खांद्यावरून वाचली आणि म्हणाला, “हे तुमच्या दुकानाबद्दल लिहिलंय का हो?” यावर सासऱ्यांकडे चपखल उत्तर होतं. ते बाहेर आलं तेव्हा गिऱ्हाईक चौकापर्यंत पोचलं होतं. वरातीमागून घोडं.

आणि मग बँकेच्या मॅनेजरीणबाई आल्या.

त्या बाई म्हणजे आत्याबाईंचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. अख्ख्या शाखेचे गणवेश आमच्याकडे. नाकासमोर चालणाऱ्या, फक्त ते नाक जरा वर. सासरे आजवर त्यांची बिनधास्त चेष्टा करायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. बँकेत त्यांची चेष्टा करायची छाती कुणाची होती? आत्याबाई टेप घेऊन खांद्याचं माप घेत होत्या. सासऱ्यांनी टाइप केलं: “बाई, खांदे वर नको, नाक आहे तेवढं पुरे.” आणि ‘बोल’ दाबलं. स्क्रीन गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

तेवढ्यात मॅनेजरीणबाई म्हणाल्या, “बाही जरा सैल ठेवा. दोन आठवडे काही नीट खाल्लं नाहीये. आई गेली माझी.”

आत्याबाईंनी टेप खाली घेतली. सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ‘थांब’ दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, फोन उलटा करून काउंटरवर पालथा घातला. त्या पालथ्या फोनमधून, माझ्या लग्नातल्या खणखणीत आवाजात आलं, “बाई, खांदे वर नको, नाक आहे तेवढं पुरे.” आणि मग तेच पुन्हा. आणि पुन्हा. जितक्यांदा दाबलं होतं तितक्यांदा. ‘थांब’चा नंबर रांगेत सगळ्यात शेवटी होता.

गणवेशाचं काम गेलं. आत्याबाई त्या दिवशी ओरडल्याही नाहीत, आणि ते जास्त भयंकर होतं. संध्याकाळी घरी येऊन भावाला एवढंच म्हणाल्या, “तू आता आराम कर. काउंटरवर मी जावयाला बसवते. या शनिवारी यायला सांगितलंय त्यांना.”

आत्याबाईंचे जावई पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचे विक्रेते होते. कॉलर कडक, केस चापून, प्रत्येक वाक्याला “सर” किंवा “मॅडम”. माणूस वाईट नाही. पण सासऱ्यांची ती खुर्ची गेली असती तर उरलेलं आयुष्य ते आमच्या बाल्कनीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजत काढणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पाटीवर त्यांनी मला लिहून दाखवलं: ‘तुझ्या यंत्राला सांग, मी म्हातारा आहे, ते तर नाही ना.’ मला राग आला. त्यांचा नाही, अ‍ॅपचा. म्हणजे पर्यायानं माझाच, पण ते कबूल करायची आमच्या माहेरी पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन एका स्टुलावर ठाण मांडलं. सासरे घरीच बसले होते, त्यामुळे आत्याबाईच काउंटरवर. हातात कात्री, समोर कापड, काउंटरवरच एक शर्ट कापायला घेतलेला. एक शिक्षक आले. “बाई, पँट झाली का?” कात्री चालूच. “बाई?” कात्री चालूच. तोवर मागे एक बाई पोराला घेऊन उभ्या, त्यांच्यामागे आणखी एक गृहस्थ. सगळे हाका मारतायत. आत्याबाईंचं चित्त कापडावरच्या खडूच्या रेषेवर. ती रेषा एकदाची संपली आणि त्यांनी मान वर केली. मग सगळ्यांना एकदमच उत्तर दिलं: “नाही, नाही, आणि तुमचं तर अजिबात नाही!”

मी स्टुलावर बसल्या बसल्या कपाळाला हात लावला. अहो, हेच तर माझं अ‍ॅप करत होतं!

प्रत्येक अ‍ॅपमध्ये एक काउंटरवरचा माणूस असतो. आमच्या धंद्यात त्याला मेन थ्रेड म्हणतात. (थ्रेड म्हणजे दोरा, हे टेलरच्या घरातल्या सगळ्यांनी मला एकेकदा सांगून झालंय, आता पुरे.) स्क्रीन रंगवायची ती त्यानं, बोट कुठे लागलं ते बघायचं त्यानंच. त्याच्या हातात एखादं जड काम दिलं की तो मान खाली घालून तेच करत बसतो, आणि तुम्ही हाका मारत राहता. हाका वाया जात नाहीत, साठतात. मग एकदम सगळ्यांना उत्तर. गाद्यांच्या अ‍ॅपमध्ये असलं काही दिसलं तर मी लोकांच्या अंगावर धावून जाते. घरच्या कामात मात्र बिनदिक्कत आवाज बनवायचं सगळं ओझं काउंटरवरच्याच डोक्यावर टाकलं होतं. घरचं म्हटलं की आपण असंच करतो, चहासुद्धा गाळणी न धुता गाळतो.

मग मी अ‍ॅपमध्येही मागची खोली बांधली. आवाज बनवायचं काम बॅकग्राउंड थ्रेडकडे. काउंटरवरच्यानं वाक्य घ्यायचं, पडद्याआड सरकवायचं आणि लगेच पुढच्या बोटाकडे बघायचं. स्क्रीन लोण्यासारखी चालायला लागली. हुरूप चढला म्हणून मी मागे एकाऐवजी चार कारागीर बसवले, प्रत्येक वाक्याला वेगळा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

सासऱ्यांना दुकानात घेऊन गेले, सरावासाठी. तेच शिक्षक पुन्हा आले. कवायतीचे शिक्षक, मिशा अशा की त्यांच्यावर कपडे वाळत घालावेत. सासऱ्यांनी त्यांच्यासाठी एक लांबलचक थाप टाइप केली, कापड आटू नये म्हणून भिजत घातलंय वगैरे. तेवढ्यात बाळाला घेऊन कुणी बाई आल्या, तर त्यांच्यासाठी छोटंसं टाइप केलं. छोटं वाक्य आधी तयार झालं. शिक्षक आशेनं सासऱ्यांकडे बघतायत आणि फोन म्हणतोय, “अगं बाई, किती गोड! दात आले का?”

शिक्षकांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “दोन पडलेत.”

घरी येऊन मी चारांपैकी तीन कारागिरांना कामावरून काढलं, एकच ठेवला. जे आधी आलं ते आधी. पण एक गोष्ट राहिलीच होती, आणि ती कुठल्याच थ्रेडनं सुटणारी नव्हती. काम मागच्या खोलीत ढकललं म्हणून लवकर होत नाही. फक्त पुढची खोली मोकळी राहते. वाक्य तयार व्हायला लागणारे सेकंद लागणारच होते. तेवढ्या वेळात समोरच्याचं करायचं काय?

“बाबा,” मी विचारलं, “पूर्वी थाप सुचेपर्यंत तुम्ही काय करत होता?”

सासऱ्यांनी माझ्याकडे अपमान झाल्यासारखं बघितलं. थाप सुचायला वेळ लागतो हे त्यांना मान्यच नव्हतं. मग जरा विचार करून त्यांनी टाइप केलं: “या या, बसा. अरे वा. काय सांगता. ऐका तर. तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो.” ही सगळी वाक्यं मी आधीच बनवून फोनमध्ये ठेवून दिली, प्रत्येकाला एक मोठं बटण. दाबलं की त्याच क्षणी आवाज. म्हणजे मागे थाप शिवून होईपर्यंत पुढे स्वागत चालू.

शनिवारी मी गाद्यांना सुट्टी दिली. दुकानात जावईबापू आधीच हजर, इस्त्री केलेल्या चेहऱ्यानं आरशाजवळ उभे. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, “आजच्या दिवस बसू दे त्याला. जमलं नाही तर दुपारनंतर तुम्ही.” सासरे खुर्चीत बसले. फोन शर्टाला पुसला, समोर ठेवला, पुन्हा उचलून पुसला. मलाही धास्ती वाटत होती, खोटं कशाला बोलू? खोटं बोलायचं काम आज त्यांचं होतं.

आणि दारातून पहिल्याच आल्या एक वकीलबाई. त्यांनी काळा कोट शिवायला टाकला होता, आणि तारीख दिली होती आजची. त्याचं कापड अजून आतल्या फळीवर घडी न मोडता पडलेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“सोमवारी सुनावणी आहे माझी,” वकीलबाई म्हणाल्या. “कोट द्या.”

“या या, बसा!” फोन तत्काळ बोलला. सासरे उठले, खुर्ची पुढे केली, रुमालानं पुसली. पुसता पुसता अंगठा चालूच. वकीलबाईंनी तोंड उघडलं तोवर, “तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो!” त्या जरा सुखावल्या. आणि मग ताजं वाक्य आलं, “कोट तयार होता. काल बहिणीनं उसवला.”

“उसवला? का म्हणून?”

“ऐका तर!” सासऱ्यांनी बोट वर करून त्यांना थांबवलं, मागच्या खोलीच्या पडद्याकडे चोरून बघितलं, जणू गुपित सांगायचंय. तोवर पुढचं वाक्य शिजून तयार. “तिनं तुम्हाला रस्त्यात कुणाशी तरी बोलताना पाहिलं. म्हणाली, ही बाई बोलताना उजवा हात उचलते. हा कोट काखेत धरेल. न्यायाधीशांसमोर हात वर जाईल आणि पाठ फाटेल.”

वकीलबाईंनी नकळत आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो वर होता.

पडद्याआडून घडी मोडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कात्रीचा. कचकच, कचकच, न थांबता. थाप खरी करायचं काम सुरू झालं होतं.

“आणि सोमवारी सकाळी नाही मिळाला तर?” वकीलबाईंनी आवाज चढवला, पण ओठ हसायला आले होते.

“काय सांगता!” फोन म्हणाला. सासरे छातीवर हात ठेवून घायाळ झाले. “तर माझ्यावर खटला भरा. मी एक शब्द बोलणार नाही, तुम्हीच जिंकाल.”

वकीलबाई खो खो हसल्या. इतक्या की मागे उभे असलेले दोघं-तिघंही हसले, जावईबापूसुद्धा हसले आणि मग आपण कुणाच्या बाजूचे ते आठवून थांबले. वकीलबाई रिकाम्या हातानं गेल्या. जाताना एका झग्याचं माप देऊन गेल्या. नंतर दुपारपर्यंत जो आला तो असाच गेला, आणि आतली कात्री एकदाही थांबली नाही.

गर्दी ओसरल्यावर आत्याबाई पडदा सारून बाहेर आल्या. कमरेवर हात. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. कसली शाबासकी!

“एवढी हुशारी त्या दिवशी कुठे गेली होती?” त्यांनी सुरू केलं. “बँकेचं काम घालवलंस. आईबापांनी डोक्यावर बसवून ठेवला, म्हणून जिभेला हाड नाही तुझ्या. आयुष्यभर मी राबले आणि तू गप्पा मारल्यास. जीभ गेली तरी खोड गेली नाही.”

‘जीभ गेली’ हे ऐकलं आणि सासऱ्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मान खाली घातली आणि टाइप करायला लागले. मी त्यांच्या मागेच उभी होते. स्क्रीनवर अक्षरं उमटताना दिसत होती: “ताई, तू मागच्या खोलीत राबलीस, कारण तुझ्यासमोर कुणी थांबत नाही. तुझा नवरासुद्धा थांबला नाही.”

आत्याबाईंना टाकून त्यांचा नवरा गेला, तेव्हापासून आमच्या घरात तो विषय कुणी काढलेला नाही. सासऱ्यांनी ‘बोल’ दाबलं. वाक्य मागच्या कारागिराकडे गेलं. कोपऱ्यात छोटं चक्र फिरायला लागलं.

आत्याबाई बोलतच होत्या. “...आणि मी बाहेर उभी राहिले ना, तर लोकांना तोडूनच बोलते. कळतं मला. मला नाही येत तुझ्यासारखं. मला तर आतून बाहेर यायचीच भीती वाटते.” त्यांचा आवाज खाली आला. “तू बाहेर बडबडत असलास की माझा हात सरळ चालतो. इतके दिवस प्रत्येक कापड वाकडं कापलं गेलं. आज सरळ गेलं बघ. तू बस इथंच. मरेपर्यंत बस.”

चक्र फिरत होतं. सासऱ्यांच्या अंगठ्यानं ‘थांब’ला नुसता स्पर्श केला. स्क्रीननं तो त्याच क्षणी ऐकला. चक्र गेलं, वाक्य गेलं, खोका कोरा. त्या अ‍ॅपमध्ये मी केलेलं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं, आणि ते झालेलं कुणाला ऐकूही आलं नाही.

मग सासऱ्यांनी फोन बाजूला ठेवला, बहिणीकडे बघितलं आणि नुसते ओठ हलवले. आवाज नाही, काही नाही. आत्याबाईंनी ते ओठ वाचले. मग झटक्यात वळल्या. “जावईबापू, तुम्ही आत चला. काजं करता येतात का? नाही? मग शिका.”

मी त्यांच्या मागोमाग पडदा सारून आत गेले. “काय म्हणाले हो बाबा?”

“शिवी दिली मला मेल्यानं,” आत्याबाई म्हणाल्या. “लहानपणी मी त्याचा खाऊ हिसकावला की द्यायचा, तीच. एवढा घोडा झाला तरी तीच.” त्या मशीनसमोर बसल्या, सुईपाशी दोरा नेला, पुन्हा नेला. तो काही जाईना. मग डोळे न पुसताच त्यांनी दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं.

“ओव गं जरा,” त्या म्हणाल्या. “मला काही दिसत नाहीये.”